३३५ नापास, ३१५ पास

आज आषाढी, ६ जुलै २०२५. दुपारी दोनला सीए फायनलचा निकाल लागला. संध्याकाळी सातला आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या बिल्डिंगच्या जिन्यात एक काकू हातात साबुदाणा खिचडीचा डबा घेऊन उभ्या होत्या. वरच्या मजल्यावरची मुलगी खाली येताना दिसली, तशी त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुला ३१५च ना गं? आमच्याला ३३५ आहेत. मग तू पास कशी?"

अभिनंदन नाही, पाठीवर हात नाही. थेट "पास कशी".

मुलगी दर्शनाला निघाली होती. एक पाय चपलेत, एक बाहेर. ती काही सांगणार तोवर दुसरा बाण आला: "पहिल्या ग्रुपला तर १४८च आहेत तुला. दीडशे लागतात ना? ग्रेस दिला असेल." मुलीनं दुसरी चपल घातली आणि मान खाली घालून उतरून गेली. ज्या दिवसासाठी पोरीनं दोन वर्षं गरबासुद्धा खिडकीतून बघितला, त्या दिवशी तिला जिन्यात हिशेब विचारला गेला. तोही चुकीचा हिशेब.

मला राग आलाय, आणि रागात मी फेसबुकवर लिहितो हे तुम्हाला माहीत आहे. आकडे मुलीला विचारूनच टाकतोय. "लिहा काका, एकदाच सगळ्यांना कळू दे," म्हणाली. मुलाचे आकडे त्याच्या आईनं आधीच तीन मजल्यांना सांगितलेत, त्यामुळे तिथे गुपित काही उरलेलं नाही.

तर मुलीचे मार्क. सहा पेपर, तीन-तीनचे दोन ग्रुप. फायनान्शियल रिपोर्टिंग ४६, अ‍ॅडव्हान्स्ड फायनान्शियल मॅनेजमेंट ५८, ऑडिट ४४. ग्रुप एक, १४८. डायरेक्ट टॅक्स ५२, इनडायरेक्ट ६१, सहावा पेपर म्हणजे इंटिग्रेटेड बिझनेस सोल्युशन्स ५४. ग्रुप दोन, १६७. एकूण ३१५.

मुलाचे: एफआर ६१, एएफएम ७२, ऑडिट ३९. ग्रुप एक, १७२. मग ४८, ६३, ५२. ग्रुप दोन, १६३. एकूण ३३५.

आता नियम. प्रत्येक पेपरला शंभरपैकी किमान ४०. आणि ग्रुपच्या ३०० पैकी किमान १५०. दोन्ही अटी एकदम पाळायच्या, एक पाळून दुसरीची भरपाई होत नाही. मुलाच्या पहिल्या ग्रुपची बेरीज १७२ आहे, म्हणजे बावीस मार्क जास्तच. पण ऑडिटला ३९, आणि एका मार्कानं तो ग्रुप गेला. ७२ मधले ३२ मार्क नुसते पडून राहिले, एकही उचलून ऑडिटला देता येत नाही.

मुलीचं उलट. तिचा एकही पेपर चाळिसाच्या खाली नाही, पण ग्रुपला दोन मार्क कमी. इथे ती अट येते जी काकूंना माहीत नव्हती, आणि खरं सांगायचं तर आपल्यातल्या अर्ध्या लोकांना माहीत नसते. दोन्ही ग्रुप एकाच वेळी दिले, सहाही पेपरांत चाळीस आले, आणि सहाची मिळून बेरीज ६०० पैकी ३०० झाली, तर दोन्ही ग्रुप पास. एका ग्रुपला दीडशे नसले तरी. दुसऱ्या ग्रुपच्या सतरा जादा मार्कांनी पहिल्याचे दोन भरून काढले. याला ग्रेस म्हणत नाहीत. कोणी दया दाखवलेली नाही. नियमच तसा आहे. तिनं फक्त पहिला ग्रुप दिला असता तर याच १४८ वर नापास झाली असती. दोन्ही द्यायचं धाडस केलं, म्हणून वाचली.

म्हणजे ३३५ आणि ३१५ शेजारी ठेवून काय कळतं? काहीच नाही. दहावीच्या टक्केवारीची सवय आपल्या हाडात मुरलीये, म्हणून पहिला प्रश्न "किती?" असतो. या परीक्षेत पहिला प्रश्न "सगळ्यात कमी कशात?" हा असायला हवा.

तुलना करायचीच असेल तर आणखी भानगडी आहेत. काकूंच्या भाचीचं उदाहरणही जिन्यात येऊन गेलं, "ती नोव्हेंबरला पास झाली, तेव्हा तर फार अवघड होता पेपर." बरोबर. मागच्या नोव्हेंबरला दोन्ही ग्रुप देणाऱ्यांपैकी १३.४४ टक्के पास झाले होते, या वेळी १८.७५. पण या मे महिन्यात काय झालं ते आठवा. भारत-पाकिस्तान तणावात ९ ते १४ मेचे पेपर पुढे ढकलले गेले आणि १६ ते २४ मध्ये घेतले. ग्रुप एक वेळेवर झाला, ग्रुप दोन मध्येच तुटला. डायरेक्ट टॅक्सचा पेपर देऊन घरी आलेली मुलं दुसऱ्या दिवशी बातम्या बघत बसली होती, पुढचा पेपर कधी हेच माहीत नव्हतं. कोणाला ते जादा दिवस फळले, कोणाची लय गेली. आता या दोन बॅचचे मार्क तुम्ही कुठल्या तराजूत घालणार?

आणि अटेम्प्ट मोजणारे काका! "आम्ही दुसऱ्या अटेम्प्टला." काका, तुमच्या वेळी वर्षाला दोन परीक्षा होत्या, मे आणि नोव्हेंबर. २०२५ मध्ये फायनल वर्षातून तीनदा घ्यायचं ठरलं: जानेवारी, मे, सप्टेंबर. त्या हिशेबानं तिसरा अटेम्प्ट म्हणजे एक वर्षही होत नाही. हो, तुम्हाला आठ पेपर होते आणि तीन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, होती, आता सहा पेपर आणि दोन वर्षं, हे मान्य. पण कमी झालेले विषय हवेत विरलेले नाहीत. लॉ आणि कॉस्टिंगचे स्वतंत्र सेल्फ-पेस्ड मॉड्यूल, म्हणजे आपल्या सोयीनं पूर्ण करायचे भाग, झालेत, ते पन्नास टक्क्यांनी पास केल्याशिवाय फायनलला बसता येत नाही.

पुन्हा जिन्यात येतो. कारण मला जास्त त्रास मुलीचा नाही होत, ती उद्या ठीक होईल. त्रास त्या मुलाचा होतोय, जो दाराआडून हे सगळं ऐकत होता. आईनं ३३५ मोठ्यांदा सांगितले, आणि त्यात त्याचं "नापास" दुप्पट मोठं ऐकू आलं.

त्याच्या मार्कांकडे नीट बघा ना. हा मुलगा हरलेला नाहीये. ग्रुप दोन झाला, तो पुन्हा द्यायचा नाही. ग्रुप एकमध्ये एफआरला ६१ आणि एएफएमला ७२. नापास ग्रुपमध्ये ज्या पेपरला साठ किंवा जास्त, त्यात सूट मिळते, पुढच्या तीन परीक्षांपर्यंत. अट एवढीच की ग्रुपचे सगळे पेपर दिलेले हवेत, त्यानं दिलेत. म्हणजे सप्टेंबरमध्ये त्याला फक्त ऑडिट द्यायचंय. सूट मिळालेले ६१ आणि ७२ ग्रुपच्या बेरजेत धरले जातात, म्हणजे १३३ खिशात आहेत. ऑडिटला ४० आले तरी १७३. फायनलमध्ये याहून चांगल्या जागी उभं राहून नापास होता येत नाही. समजा एखाद्याचे ६२, ४१, ४५ आहेत. तोही १४८, तोही नापास, पण त्याला दोन पेपर पुन्हा, आणि दोन्हीत मिळून ८८ आणायचेत. ते जास्त कठीण. त्याची बेरीज काकूंना विचारायला सुचणार नाही.

पण एकच पेपर उरला की मुलं "चाळीसच तर हवेत" म्हणून चाळिसाचीच तयारी करतात आणि परत ३८ वर येतात. ऑडिटला चाळिसाचा अभ्यास करून चाळीस येत नाहीत, पंचावन्नचा केला तर येतात.

ऑडिटला ३९ का येतात हे मी इतक्या मुलांच्या उत्तरपत्रिकांत बघितलंय की डोळे मिटून सांगतो. एक, तीस मार्कांचे एमसीक्यू. चुकलं तरी मार्क कापत नाहीत, तरी मुलं एकदोन गोल कोरे सोडतात. का, देव जाणे. दोन, उत्तर छान लिहिलेलं असतं, पण निबंधासारखं. "ऑडिटरनं योग्य ती काळजी घ्यावी" हे वाक्य कितीही सुंदर लिहा, मार्क अर्धा. परीक्षकाला कुठलं ऑडिटिंग स्टँडर्ड, म्हणजे कुठलं एसए, ते हवं असतं. कंपनी पुढे चालेल की नाही अशी शंका असेल तर एसए ५७०, फ्रॉडचा वास असेल तर एसए २४०, ऑडिटरचं मत बदलायचं असेल तर ७०५, आणि मत न बदलता फक्त लक्ष वेधायचं असेल तर ७०६. ७०५ आणि ७०६ ची गल्लत म्हणजे अख्खं उत्तर गेलं. नंबर आठवत नसेल तर निदान स्टँडर्डचं नाव तरी लिहा, पण चुकीचा नंबर ठोकून देऊ नका. तीन, प्रोफेशनल एथिक्स, म्हणजे सीएची आचारसंहिता. इथे निष्कर्ष बरोबर असतो, "दोषी आहे", पण कुठल्या शेड्यूलच्या कुठल्या पार्टचा कुठला क्लॉज ते नसतं. नियम, मग प्रश्नातली परिस्थिती त्याला लावणं, मग निष्कर्ष. मुलं मधली पायरी गाळतात, आणि मार्क नेमके तिथेच असतात. चार, एका प्रश्नाचे तुकडे चार पानांवर विखुरलेले. नवीन उत्तर नवीन पानावर, आणि उपप्रश्न एकत्र. परीक्षक तुमचं उत्तर शोधत बसणार नाही.

एका मार्कासाठी व्हेरिफिकेशनचा अर्ज करावा का? करावा. निकालानंतर महिन्याच्या आत, पेपरला शंभर रुपये. पण ते रिचेकिंग नाही हे समजून करा. बेरीज चुकली का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, एवढंच बघतात. "हे उत्तर बरोबर होतं, मार्क वाढवा" असं होत नाही. पाचशे रुपयांत उत्तरपत्रिकेची प्रत मागवता येते. तीही मागवावी, आपण कुठे निबंध लिहिलाय ते स्वतःच्या अक्षरात बघायला. फक्त त्या उत्तराची वाट बघत सप्टेंबरचा फॉर्म भरायचं थांबू नका. मुलं हीच चूक करतात. फॉर्म सुरू झालेत, लेट फीशिवाय मुदत १८ जुलैपर्यंत आहे. ग्रुप एक ३ सप्टेंबरला सुरू होतो. २७ ऑगस्टला गणपती बसतात, म्हणजे ऐन ढोलताशात अभ्यास. मंडळाच्या कार्यकर्त्यांनो, दांडिया बाजारात या वर्षी स्पीकरचं तोंड जरा पलीकडे करा. इनकम टॅक्स ऑफिसरला जेवढं घाबरता त्याच्या दशांशानं या पोराला घाबरा, दोन वर्षांत तोच तुमची पावती पुस्तकं तपासायला येणार आहे.

मघापासून मी काकूंवर चिडून लिहितोय. वाचून बघितलं आणि थोडं लाजल्यासारखं झालं. दुपारी दोनला त्या मुलाच्या खुर्चीमागे उभ्या होत्या. रजिस्ट्रेशन नंबर, रोल नंबर, मग ते पान उघडेना, मग उघडलं. आईनं बेरीज बघितली आणि हसली, मुलानं ३९ बघितले. तो काही बोलला नाही आणि उठून बाथरूममध्ये गेला. एवढं मला त्यांच्याच घरातून नंतर कळलं. त्या दिवसभर निर्जळी होत्या. जिन्यात जे बोलल्या ते त्या मुलीला उद्देशून नव्हतंच बहुतेक. आपल्या मुलाकडे जास्त आहेत हे कोणाकडून तरी वदवून घ्यायचं होतं. चूक होतीच ती. पण पोटात दुखत असताना माणूस जवळ जे सापडेल त्यावर ओरडतो.

तरी, मुलीचं अभिनंदन करायला हवं होतं. या वेळी देशभरातून १४,२४७ नवे सीए झालेत, त्यातली एक आमच्या जिन्यात चपल शोधत होती.

रात्री साडेनऊला मुलगी खाली आली होती. त्या मुलाच्या दारावर टकटक करून ऑडिटच्या वह्या देऊन गेली, एसएच्या नंबरांचा तक्ता वर लावलेला. "माझेही ४४च आहेत, फार विश्वास ठेवू नकोस," एवढंच म्हणाली. काकूंनी दार उघडं ठेवलं होतं.

काकू, तुम्ही फेसबुकवर आहात हे मला माहीत आहे. १८ तारीख विसरू नका. आणि खिचडीचा डबा जिन्यात माझ्या हातात देऊन गेलात, तो माझ्याकडेच आहे. उद्या बारस सोडायला वर या, मुलीलाही बोलावलंय.