भीतीने अंगात विष तयार होत नाही

करोनाच्या दुसऱ्या लाटेत, म्हणजे २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, व्हॉट्सॲपवर एक संदेश इतका फिरला की तो न पोहोचलेले मराठी घर विरळाच असेल. त्याचा आशय असा : अमेरिकेत फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याला ‘तुला कोब्रा डसवून मारणार’ असे शास्त्रज्ञांनी सांगितले, साप समोर आणला आणि डोळ्यांवर पट्टी बांधून प्रत्यक्षात नुसती सेफ्टी पिन टोचली, कैदी दोन सेकंदांत मेला आणि शवविच्छेदनात त्याच्या शरीरात सापासारखे विष सापडले. म्हणून ७५ टक्के आजार नकारात्मक विचारांतून होतात, भीतीने प्रतिकारशक्ती घटते, करोनाने घरी कोणीच मरत नाही, रुग्णालयातले वातावरण आणि मनातली भीतीच माणसाला मारते, तेव्हा घाबरू नका. शेवटचे दोन शब्द सोडले, तर यातले फारसे काही टिकत नाही, आणि ज्याला खरोखरच चिंतेने ग्रासले आहे त्याला ते दोन शब्दही पुरत नाहीत.

आधी कैद्याची गोष्ट. तुरुंग कोणता, वर्ष कोणते, शास्त्रज्ञ कोण, याचा संदेशात पत्ता नाही. सापाचे विष हे मुख्यतः प्रथिनांचे मिश्रण असून ते सापाच्या विषग्रंथींत तयार होते. माणसाच्या शरीरात ते बनण्याची सोयच नाही. घाबरल्यावर स्रवतात ती ॲड्रेनलिन, कॉर्टिसॉल ही संप्रेरके, आणि ती परीक्षेच्या दिवशीही वाढतात. खरा नाग चावला तरी माणूस दोन सेकंदांत मरत नाही. स्नायू हळूहळू लुळे पडून श्वास थांबायला वेळ लागतो, म्हणून तर प्रतिविष देऊन रुग्ण वाचवता येतो. नुसत्या विचाराने विष बनत असते, तर मुंबईच्या हाफकिन संस्थेला घोड्यांना खरे विष टोचून प्रतिविष बनवण्याचा खटाटोप कशाला करावा लागला असता? जबर मानसिक धक्क्याने हृदयाचे कार्य क्वचित बिघडते, हे खरे. पण त्याचा विषाशी काही संबंध नाही.

भीतीने प्रतिकारशक्ती घटते, हा मुद्दा मात्र झटकून टाकता येत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३९४ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचे विषाणू मुद्दाम सोडले होते. सर्वांत कमी ताण असलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के लोकांना संसर्ग झाला, सर्वांत जास्त ताण असलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के लोकांना. ताणाचा परिणाम होतो, हे यातून दिसतेच. पण विषाणू नाकात गेल्यावर निवांत असलेल्या चौघांपैकी तिघांच्या आसपास माणसांनाही त्याने सोडले नाही, हेही त्याच आकड्यांत आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेणाऱ्या सावित्रीबाई फुले घाबरट होत्या, असे कोण म्हणेल? त्या प्लेगनेच गेल्या.

‘घरी कोणी मरत नाही’ हे विधान तर त्या दिवसांत खाट शोधत फिरलेल्या कुटुंबांसमोर उच्चारायलाही धजू नये. रुग्णालयात मृत्यू जास्त दिसतात, कारण प्रकृती ढासळलेल्यांनाच तिथे नेले जाते.

या संदेशाचा सर्वांत घातक भाग ऑक्सिमीटरशी येऊन भिडतो. ‘भीतीनेच ऑक्सिजन खाली जातो, सारखे मोजत बसू नका’ अशी पुस्ती त्याला अनेकांनी जोडली होती. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. धास्तीचा झटका आला की छाती धडधडते, श्वास भराभर चालतो, कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर बाहेर टाकला जातो आणि त्यामुळे बोटांना व ओठांभोवती मुंग्या येतात, डोके हलके होते, ‘आता आपण मरणार’ अशी खात्री वाटते. पण बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा सहसा ९५ च्या वरच राहतो. करोनाच्या न्यूमोनियात मात्र अनेक रुग्ण धाप न लागता शांतपणे गप्पा मारत असताना त्यांचा आकडा ८५ च्या घरात गेलेला असे. म्हणूनच घरी सहा मिनिटे चालून पुन्हा मोजण्याचा सल्ला महाराष्ट्रात दिला जात होता. चालल्यावर आकडा तीन टक्क्यांहून अधिक घसरला किंवा ९४ च्या खाली आला, तर मन कितीही खंबीर असो, डॉक्टरांना गाठायचे. दर पाच मिनिटांनी बोट यंत्रात घालणे ही चिंता. सांगितल्या वेळी, नेलपॉलिश पुसून, हात गरम करून मोजणे ही काळजी.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले, की महासाथीच्या पहिल्या वर्षात चिंता आणि नैराश्याचे जगभरातील प्रमाण २५ टक्क्यांनी वाढले. नोकरी गेलेल्या, अंत्यदर्शनही न मिळालेल्या माणसांना ‘तुमच्या विचारांनीच तुम्ही मराल’ असे सांगणे म्हणजे भीतीची भीती घालणे होय. ज्याला आधीच रात्री झोप लागत नाही, तो आता आपल्या धडधडीतच विष शोधू लागतो, आणि घरातले माणूस गेले तर ते दुबळ्या मनाचे होते, असा ठपकाही मागे उरतो.

बातम्या दिवसातून ठरावीक एकदोन वेळाच पाहणे, आत घेतलेल्या श्वासापेक्षा सोडलेला श्वास लांबवणे, झोपण्या-उठण्याच्या वेळा सांभाळणे आणि मनातली धास्ती कुणापाशी तरी बोलून दाखवणे, यांनी बहुतेकांना उतार पडतो. दोन आठवडे उलटूनही झोप, भूक किंवा रोजची कामे रुळावर येत नसतील, किंवा जगणे नकोसे वाटू लागले असेल, तर पहिल्या बाबतीत मदत घ्यायला थांबू नये आणि दुसऱ्या बाबतीत एक दिवसही दवडू नये. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनाशुल्क आणि मराठीतही उपलब्ध आहे.