ओव्हरटेक एकट्याचा नसतो

ओव्हरटेकमध्ये धडक झाली की दोष ओव्हरटेक करणाऱ्याचा, हे आपण ऐकता क्षणी ठरवून टाकतो. बहुतेकदा ते खरंही असतं. पण ज्याला ओव्हरटेक केलं जात होतं तो तेव्हा काय करत होता, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते त्या आठ-दहा सेकंदांची किल्ली त्याच्याच पायाखाली असते.

हिशेब करून बघा. दुपदरी रस्ता, पुढे 60 ने चाललेला 12 मीटर लांब ट्रक, मागे 80 वर 4 मीटरची कार. निघताना 20 मीटर आणि परत लेनमध्ये येताना 20 मीटर अंतर धरलं, तर ट्रकपेक्षा 56 मीटर जास्त कापायचे. वेगातला फरक 20, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. झाले 10 सेकंद. तेवढ्यात कार 220 मीटर पुढे गेली आणि समोरून 80 ने येणारी गाडीही तेवढीच जवळ आली. म्हणजे साडेचारशे मीटर रस्ता मोकळा हवा, तोही अगदी काठावर.

आता ट्रकवाल्याने ईर्ष्येने वेग 70 वर नेला. फरक उरला 10. वेळ दुप्पट, रस्ता जवळपास 900 मीटर! त्याने उलट 50 वर आणला असता तर 7 सेकंदांत, 300 मीटरमध्ये काम झालं असतं. त्याचे गेले असते फार तर दोन-तीन सेकंद.

मात्र पाय उचलायचा तो शेजारचा पुढे जातोय तेव्हाच. त्याने विचार बदलून ब्रेक मारला आणि तुम्हीही मारलात, तर दोघं शेजारी-शेजारीच राहाल आणि त्याला परत आत शिरायला जागाच मिळणार नाही. तो मागे सरकतोय असं दिसलं की आपला वेग आहे तसा ठेवा.

मागच्याचाही यात वाटा आहे. पुढची गाडी बाहेर पडली की आपण लगेच तिची जागा भरून काढतो. तीच तर तिची परतीची वाट! आणि पुढचा गेला म्हणून त्याच्या मागोमाग आपणही निघायचं, ही तर सर्वांत वाईट सवय. त्याला दिसलेला रस्ता त्याच्यापुरता होता.

ओव्हरटेक करणाऱ्याने ट्रकच्या ढुंगणाला चिकटून डोकावत बसू नये. मागे राहिलं तर पुढचा रस्ता जास्त दिसतो आणि वेग घ्यायलाही जागा मिळते. गिअर बाहेर पडण्याआधीच खाली घ्यावा, ट्रकच्या बरोबरीला आल्यावर नव्हे. आरसा, इंडिकेटर, मग मान वळवून आरशात न दिसणारा कोपरा. आपल्याच मागचा कुणी आधीच निघालेला असू शकतो. परत लेनमध्ये येताना मागच्या गाडीचे दोन्ही हेडलाइट आतल्या आरशात दिसू द्यावेत, आणि आत आल्यावर लगेच ब्रेक मारू नये. भरलेला ट्रक तुमच्याइतक्या अंतरात थांबत नाही.

समोरून येणाऱ्याने हक्क आपला आहे म्हणून वेग कायम ठेवण्यात काही अर्थ नाही. 80 चा 60 केला तर 10 सेकंदांत 55 मीटर वाचतात. दुचाकीस्वाराने इथे जास्तच जपावं. त्याची गाडी लहान म्हणून लांब वाटते, आणि एकच दिवा असल्यामुळे रात्री तिचं अंतर ओळखणं आणखी कठीण.

राहिली खाणाखुणांची भाषा. ट्रकचा इंडिकेटर ‘जा पुढे’ म्हणतोय की ‘मी वळतोय’? डिपर ‘ये’ म्हणतोय की ‘थांब, मी येतोय’? दोन्ही अर्थ सर्रास चालतात. म्हणून पुढे फाटा, पंप किंवा गेट दिसत असेल तर इंडिकेटरचा अर्थ वळणं हाच धरायचा आणि मागेच थांबायचं. साइड देणाऱ्यानेही ‘जा’ची खूण करूच नये. त्याला दिसणारा रस्ता आणि मागच्याच्या गाडीची ताकद, यांचा मेळ त्याला मागे बघून लावता येत नाही. वेग थोडा कमी करून कडेला सरकलं की पुरे.