ढोलकी कोणत्या पट्टीतली?

संगीताच्या सॉफ्टवेअरमधली प्रोजेक्ट फाइल पाठवली म्हणजे गाणे पाठवले, हा समज कधी संपणार? त्या फाइलमध्ये बहुतेक वेळा आवाज नसतात, ते कुठे ठेवले आहेत याचे केवळ पत्ते असतात. एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरमध्ये सगळे सॅम्पल, म्हणजे गाण्यात वापरलेले ध्वनीचे तुकडे, एकत्र गोळा करून सेव्ह करण्याची सोय असूनही ती न वापरल्याने निम्मे ट्रॅक मुके निघतात. त्याहून संताप येतो तो ‘ढोलकी फायनल नवीन २’ अशा नावांचा. ढोलकी गायकाच्या पट्टीत लावली जाते, मग ती पेटीची काळी चार की पांढरी पाच, आणि लय किती, एवढे नावात लिहायला कोणती अडचण येते? त्यात ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटची (सेकंदाला ध्वनीचे किती नमुने घेतले, त्या दराची) फाइल रूपांतर न करता ४८ वर वाजली, की स्वर सुमारे दीड सेमीटोन, म्हणजे पेटीवर एका पट्टीहून जास्त, चढतो आणि वादकाची सगळी मेहनत बेसूर ठरते.