जामठ्याला टाळ्या वाजवल्या ना आपण?

परवा रात्री नागपुरात लक्ष्मीनगरच्या आमच्या पानठेल्यावर वाद इतका पेटला, की खर्रा घोटणाऱ्या भाऊचे हातच थांबले. पन्नीत सुपारी-तंबाखू अर्धवट घोटलेली तशीच पडून, अन् भाऊ कान देऊन ऐकून राहिला होता.

सुरुवात कामठीनं केली. त्याचं खरं नाव वेगळं आहे, पण गडी कामठीचा, म्हणून आमच्यात तेच नाव पडलं. पोरपणापासून फुटबॉल खेळला, आजही रविवारी पहाटे पोरांकडून सराव करून घेतो. म्हणाला, "एका देशाकडून बोलावणं आलं नाही की दुसऱ्याची जर्सी घालायची. देश म्हणजे काय भाड्याची खोली आहे का बे?"

विषय निघाला होता फुटबॉलपटू हमझा चौधरीवरून. इंग्लंडमध्ये जन्मला, तिथेच घडला, इंग्लंडच्या २१ वर्षांखालच्या संघातून खेळला, आणि मार्च २०२५ मध्ये शिलाँगला आपल्याविरुद्ध उतरला तो बांगलादेशकडून. तो सामना ०-० सुटला. नोव्हेंबरात ढाक्याला मात्र बांगलादेशनं १-० नं हरवलं, तब्बल २२ वर्षांनी. तो पराभव कामठीला अजून सलतो. मलाही सलतो. पण हमझाची आई बांगलादेशी आहे. आईच्या देशाकडून खेळणाऱ्या पोराला आपण कोणत्या तोंडानं भाडेकरू म्हणायचं?

मी कामठीला म्हटलं, "फेब्रुवारी २०२५ मध्ये जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियमवर तू माझ्या बाजूलाच बसला होतास. आठव."

रणजीची फायनल, समोर केरळ. विदर्भाच्या २४ धावांत ३ विकेट पडल्या होत्या. मग कर्नाटकहून आलेला करुण नायर आणि आपल्या नागपूरचा २१ वर्षांचा दानिश मालेवार यांनी २१५ धावांची भागीदारी केली. दानिशनं १५३ काढल्या. करुण ८६ वर रनआउट झाला, तेव्हा हाच कामठी डोक्याला हात लावून उभा राहिला होता. दुसऱ्या डावात करुणनं शतक ठोकलं, आणि तेव्हा त्याचं गाव कोणतं हे आमच्यापैकी कोणीच विचारलं नाही. त्याआधी वसीम जाफर मुंबई सोडून आला. त्यानं २०१८-१९ च्या मोसमात हजारावर धावा केल्या, विदर्भानं लागोपाठ दुसऱ्यांदा रणजी जिंकली, आणि आपण त्याला आपलाच म्हटलं.

"करुण गेला ना परत कर्नाटकात," कामठी म्हणाला.

"गेला. पण दानिश इथंच आहे. समोरच्या टोकाला उभं राहून तो जे शिकला, ते त्याच्यापासून कोण नेणार?"

यावर मास्तर बोलले. आमच्यात वयानं मोठे, कमी बोलतात, म्हणून त्यांचं ऐकावं लागतं. "राज्य आणि देश एका तागडीत घालू नको. कर्नाटकचा माणूस विदर्भाकडून खेळला तरी त्याचा पासपोर्ट तोच राहतो. राष्ट्रगीत बदलत नाही."

मास्तरांचं म्हणणं खरं आहे, मी तिथंच मान्य केलं. देश बदलताना काहीतरी तुटतंच. २०२२ च्या विश्वचषकात ब्रील एम्बोलोनं स्वित्झर्लंडकडून गोल केला तो कॅमेरूनविरुद्ध, ज्या देशात तो जन्मला त्याच देशाविरुद्ध. स्वित्झर्लंडचे सगळे त्याच्या अंगावर धावत आले, आणि तो दोन्ही हात वर करून जागच्या जागी थांबला. जल्लोष नाही, काही नाही. तो क्षण मी कितीदा तरी पाहिला आहे. त्या माणसाला देशाचं काही वाटत नाही, असं मला कोणी सांगू नये.

आमच्यातल्या वकिलानं मग फुटबॉलचा नियम सांगितला, कारण अर्धा वाद नियम माहीत नसल्यानं होतो. नागरिकत्व तर लागतंच. त्यापुढे, नुसता मैत्रीपूर्ण सामना खेळून खेळाडू कायमचा बांधला जात नाही, अधिकृत स्पर्धेचा सामना खेळला की बांधला जातो. दिएगो कोस्टा ब्राझीलकडून दोन मैत्रीपूर्ण सामने खेळूनही स्पेनकडे गेला, तो याच वाटेनं. २०२० मध्ये फिफानं आणखी थोडी सूट दिली. वयाची २१ वर्षं पूर्ण होण्याआधी जास्तीत जास्त तीन सामने खेळलेला असेल, ते विश्वचषकाच्या किंवा खंडाच्या स्पर्धेच्या मुख्य फेरीतले नसतील आणि मध्ये तीन वर्षं गेली असतील, तर एकदा बदलता येतं.

"अन् मलेशियानं काय केलं?" कामठी उसळला. तिथं तो बरोबर होता. सात खेळाडूंचे आजी-आजोबा मलेशियात जन्मल्याचे कागद दाखवले. फिफानं तपासलं तर ते जन्मले होते अर्जेंटिना, ब्राझील, स्पेन, नेदरलँड्समध्ये. सप्टेंबर २०२५ मध्ये सातही जणांवर बंदी आली. खोट्या आजीच्या जोरावर जर्सी मिळवणं ही चोरी आहे आणि तिथं मी कामठीच्या बाजूनं आहे, शंभर टक्के.

पण आपल्याकडे नेमकं उलटं आहे. आजी खरी असते, आजोबा खरे असतात, तरी दार बंद. आपल्या घटनेत दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड हातात असलं तरी भारताची जर्सी मिळत नाही. पासपोर्ट सोडा, मगच या. रायन विल्यम्सचं बघा. ऑस्ट्रेलियात पर्थला जन्मला, २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाकडून एक मैत्रीपूर्ण सामनाही खेळला. आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन घरातली, आईचे वडील १९५० च्या दशकात मुंबईकडून संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांच्या संघांची फुटबॉल स्पर्धा, खेळलेले. त्यानं २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडला आणि भारताचा घेतला. त्याच्याआधी इझुमी अराता, वडील भारतीय, जपानचं नागरिकत्व सोडून आला आणि २०१३ मध्ये भारताकडून खेळला. पस्तिशीच्या आसपास फुटबॉल संपतो, पण पासपोर्ट सोडल्याचा परिणाम जन्मभर राहतो. ही किंमत मोजून आलेल्याला आपण मनापासून आपला म्हणायला पाहिजे.

"अन् माझ्या पोरांचं काय?" कामठी हळूच म्हणाला. "पहाटे पाचला उठून येतात बे. एकाच्या पायात तर भावाचे बूट असतात, पुढे कापूस कोंबलेले. त्याची जागा कोणी पर्थहून येऊन घ्यायची?"

यावर मला लगेच उत्तर सुचलं नाही. त्या पोराला मी पाहिलं आहे.

तेवढ्यात वकिलानं मोबाइल काढला आणि गुपचूप कामठीपुढे धरला. वकिलाच्या बहिणीचा मुलगा, मेलबर्नला असतो, सोळा वर्षांचा. अंगात भारताची निळी जर्सी, मागच्या अंगणात, पाठीवर मोठा अकरा नंबर. तिथल्या क्लबात खेळतो. "मामा, मला इंडियाकडून खेळता येईल का, असं विचारतो. कायदा माझ्याइतका त्या घरात कोणालाच माहीत नाही, म्हणून मलाच विचारतो. काय सांगू त्याला? अठराचा झाला की पासपोर्ट टाकून दे म्हणू?"

कोणी काही बोललं नाही. भाऊनं पन्नी पुन्हा घोटायला घेतली.

कामठीनं मोबाइल हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, पोराच्या पायांपाशी आणला. बराच वेळ बघत राहिला.

"डाव्या पायानं मारतो का हा?"

"हो."

"व्हिडिओ असल तर पाठव मला," कामठी म्हणाला. "आजच पाठव."