पासपोर्ट राहू द्या, तिकीट तपासा

'परदेशी जाण्याआधी पासपोर्टवर सासरचं नाव लावून घ्या', हा लग्न झालेल्या मुलींना एका लेखात दिलेला सल्ला पटला नाही. लग्नानंतर नाव बदलायची सक्ती कायद्यात नाही, आणि माहेरच्या नावाचा पासपोर्ट मुदत संपेपर्यंत चालतो. तिकीट आणि व्हिसा मात्र पासपोर्टशी जुळायला हवेत. आमची भावजय मस्कतला भावाकडे निघाली होती. पासपोर्ट माहेरचा, आधार सासरच्या नावाचं. इथल्या एजंटाने व्हॉट्सॲपवर आधारचा फोटो मागवला आणि त्यावरून तिकीट काढलं! विमान कंपनी म्हणाली, स्पेलिंग दुरुस्त करू, अख्खं नाव नाही. नवं तिकीट घ्यावं लागलं. घरात बोलणी कुणाला बसली असतील? तिलाच, नाव बदललं नाही म्हणून.

लेखात एक गोष्ट सुटली आहे. आपल्याकडे नुसतं आडनाव बदलत नाही, वडिलांचं नाव जाऊन मधे नवऱ्याचं येतं, काही घरांत तर पहिलं नावही नवं. त्यात सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत आडनाव आधी लिहायची पद्धत, म्हणजे फॉर्मवर गिव्हन नेम कोणतं आणि सरनेम कोणतं इथूनच घोळ. मॅरेज सर्टिफिकेटवरचं स्पेलिंग आधारशी जुळतंय का, तेही आधीच बघा. नाव बदलायचंच असेल तर पासपोर्ट रि-इश्यू होतो आणि नंबरही नवा येतो. ई-व्हिसावर जुनाच नंबर असतो, त्यामुळे तो हातात असेल तर हे काम परत आल्यावरच काढा.