लिम्फोसाइट्स जास्त दिसल्या म्हणून गोळ्या बंद करू नका

हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे शरीरातल्या हार्मोन्सवर वाढणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरबद्दल एक मेसेज फिरतोय. त्यात तीन गोष्टी छातीठोकपणे सांगितल्यात: गाठीत प्रतिकारपेशी (लिम्फोसाइट्स) भरपूर असतील तर धोका टळला, पीडी-एल१ (प्रतिकारपेशींना रोखणारं प्रथिन) पॉझिटिव्ह आला तर इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीला मोकळं करणारं औषध, मागून घ्या, पाच वर्षं निघाली की सुटलात, हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या बंद केल्या तरी चालतं. प्रत्येकात खऱ्याचा थोडा अंश आहे, म्हणून तो लोकांना पटतो आणि मला त्याची काळजी वाटते.

मी रोज अशा गाठींच्या स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली वाचते. कॅन्सरच्या पेशींच्या पुंजक्यांमधल्या गुलाबी भागात लिम्फोसाइट्स शाईचे शिंतोडे उडावेत तशा दिसतात. त्यांनी किती टक्के जागा व्यापली, ते आम्ही लिहितो. ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोन आणि हर-२ दोन्ही नसलेल्या) आणि हर-२ पॉझिटिव्ह (हर-२ हे वाढीचं प्रथिन जास्त असलेल्या) कॅन्सरमध्ये हा आकडा मोठा असणं चांगलंच. पण २०१८ साली जर्मनीतल्या चाचण्यांमधल्या ३,७७१ रुग्णांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा हार्मोन पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह गटात उलटं दिसलं. लिम्फोसाइट्स जास्त असलेल्या गाठींवर केमोचा परिणाम चांगला झाला, तरी त्या रुग्णांचं आयुष्य तुलनेनं कमी भरलं. अशा गाठी बहुतेकदा वरच्या ग्रेडच्या, वेगानं वाढणाऱ्या असतात. शिवाय शिंतोडा दिसला म्हणजे ती पेशी लढतेच आहे असं नाही; काही पेशी प्रतिकाराला लगाम घालणाऱ्याही असतात, आणि नुसत्या टक्केवारीत हा फरक कळत नाही.

पीडी-एल१चं थोडक्यात. किनोट-७५६ चाचणीत याच कॅन्सरच्या ग्रेड ३च्या (सगळ्यात वरच्या), जास्त जोखमीच्या रुग्णांना ऑपरेशनआधी केमोबरोबर पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दिलं, तेव्हा गाठ पूर्ण नाहीशी होण्याचं प्रमाण १५.६ वरून २४.३ टक्क्यांवर गेलं. आशा वाटावी असंच आहे हे. पण ते निवडक रुग्णांपुरतं आहे, आणि थायरॉइड कायमचं बिघडण्यासारखे त्रासही त्यासोबत येतात. एका रिपोर्टावरून मागून घ्यायचं हे औषध नव्हे.

सगळ्यात घातक आहे तो तिसरा दावा. पाच वर्षं गोळ्या घेऊन थांबलेल्या आणि तोवर आजार न उलटलेल्या ६२,९२३ स्त्रियांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. पाचव्या ते विसाव्या वर्षापर्यंत कॅन्सर दुसऱ्या अवयवात उलटण्याचा धोका होता, लहान गाठ आणि काखेतल्या ग्रंथी स्वच्छ असताना १३ टक्के. दोन ते पाच सेंटिमीटरची गाठ आणि चार ते नऊ ग्रंथींत कॅन्सर असताना ४१ टक्के. म्हणजे पाच वर्षांनीही बाईचं पुढचं भवितव्य मुख्यतः गाठीच्या आकारावर आणि काखेतल्या ग्रंथींवर ठरत होतं.

आणि टॅमॉक्सिफेन ही हार्मोन रोखणारी गोळी पाच वर्षं घेतल्यानं या कॅन्सरनं होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी होतात. सांधे धरतात, अंगातून वाफा निघतात, रात्री झोप लागत नाही, म्हणून कितीतरी जणी गोळी गुपचूप सोडतात. हा त्रास खरा आहे, सोसत बसू नका. गोळी बदलता येते, त्रासावर वेगळे उपाय असतात. पाच वर्षांनंतर पुढे घ्यायची का, हे विचारायला जाताना काखेतल्या ग्रंथींचा आकडा लिहिलेला तो जुना रिपोर्ट बरोबर न्या.