2045च्या आकड्यावर आजचं कर्ज

आमच्या साखर कारखान्यानं इथेनॉलची डिस्टिलरी वाढवायला मोठं कर्ज काढायचं ठरवलंय. वार्षिक सभेआधीच गावात वाद पेटलाय आणि एक वाक्य सारखं कानावर येतंय: "जगातलं तेल आटत चाललंय, मोठमोठ्या संस्थांचे अंदाज हायत, 2045पर्यंत इथेनॉलला मरण न्हाई." माझा थोरला भाऊ, दादाही हेच बोलतो. मी नॉर्वेत स्टॅव्हँगरला तेलाच्याच धंद्यात आहे. हे ऐकलं की डोकं फिरतं.

कुठले अंदाज? पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनं 2004 साली सांगितलं की 2030मध्ये जगाला दिवसाला 12 कोटी 10 लाख बॅरल तेल लागेल. चारच वर्षांनी तिनंच त्याच 2030साठी 10 कोटी 60 लाखांचा आकडा दिला. पुढं अमेरिकेत शेल नावाच्या खडकातलं तेल धो धो निघालं, ते तर 2008च्या हिशेबात नव्हतंच. 2023ला ही संस्था म्हणाली, 2030च्या आत मागणी शिखर गाठेल. 2025च्या अहवालात 2050पर्यंत मागणी वाढतच राहण्याचं एक चित्र तिनं पुन्हा मांडलं. ही संस्था तेल विकत घेणाऱ्या देशांची. तेल विकणाऱ्या देशांची संघटना ओपेक 2050साठी 12 कोटींच्या वर सांगते. ज्याला जे हवं, त्याला ते दिसतं.

साठ्यांचं तर विचारूच नका. सौदी अरेबियाचा जाहीर साठा 1988ला एका वर्षात 170 अब्ज बॅरलवरून 255 अब्जांवर गेला. त्या वर्षी तेवढं तेल कुणाला सापडलं नव्हतं. कुठल्या तेलक्षेत्रातून किती निघतं हेही ते सांगत नाहीत. इथं नॉर्वेत सोक्केलडिरेक्टोराटेटच्या, म्हणजे समुद्रातल्या तेलावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, संकेतस्थळावर प्रत्येक क्षेत्राचं महिन्याचं उत्पादन कुणीही बघावं. आमच्या कारखान्याच्या अहवालात डिस्टिलरीचा खर्च एका ओळीत उरकतात आणि सभेत "मंजूर, मंजूर" होतं. हा फरक मला टोचतो, आणि टोचला म्हणून बोललं की "तिकडं जाऊन शहाणा झाला" हे ठरलेलं.

पण सरळ हिशेब ठेवणाऱ्यांचेही अंदाज चुकतात. नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ समुद्राखाली कोळसा, तेल काही नाही, असं इथल्या भूगर्भ खात्यानं 1958ला सरकारला लिहून दिलं होतं. 1969ला तिथल्याच समुद्रात एकोफिस्क हे मोठं तेलक्षेत्र सापडलं. सुरुवातीला त्यातलं 17 टक्के तेल निघेल असा हिशेब होता, आज तो निम्म्याच्या वर गेलाय. माझी नोकरी त्या चुकलेल्या पत्रानंतरची आहे.

मग शिरोळ-हातकणंगल्याच्या शेतकऱ्यानं कशावर विसंबायचं? इथेनॉलचा घात तेलाच्या साठ्यानं होण्याआधी दिल्लीच्या एका आदेशानं होतो. पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल म्हणून 7 डिसेंबर 2023ला उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी आली. आठवड्यात ती थोडी सैल झाली, पण पुरती उठायला पुढचा ऑगस्ट उजाडला. त्या काळातही कर्जाचं व्याज चालूच होतं. दर सरकार ठरवणार, खरेदी तेल कंपन्या करणार, कच्चा माल पावसावर. यातलं पॅरिसच्या अहवालात काय आहे?

दादा म्हणतो, "तुझं पोट तेलावर, तू इथेनॉलच्या विरोधातच बोलणार." हे मला लागलं. मी एलबिलनं, म्हणजे विजेच्या गाडीनं, ऑफिसला जातो, पगार तेलाचा घेतो, हे खरं आहे. पण सातबाऱ्यावर माझंही नाव आहे. आमच्या आबांनी कारखान्याचा शेअर घेतला तेव्हा घरात पैसा नव्हता, आणि तो शेअर आता माझ्या नावावर आहे. सभेला हजर नसलेल्या सभासदाला मत नाही, आणि सभा भरते त्या दिवसांत मला रजा मिळत नाही. उद्या हप्ते थकले तर ऊसबिलातली कपात मात्र माझ्याही वाट्याची असेल.

म्हणून दादाकडं एक प्रश्न लेखी दिलाय: 2023सारखा आदेश पुन्हा आला, तर त्या हंगामाचा हप्ता कशातून भरणार? अध्यक्षांनी सभेत आकड्यासकट उत्तर द्यावं. दादा वाचून दाखवीन म्हणालाय, माझं नाव न घेता.